दार बांधलंय, मोडू नये

निहार, परवा फोनवर तू जांभया देत सांगितलेस की तुमच्याकडे कुणीतरी एक पूल चुकीचा जोडला आणि सगळी यंत्रे सहा तास आपापसांत ओरडत बसली. मग म्हणालास, "जाऊ दे आजी, तुला नाही कळायचं." मला कळले होते. तेव्हा बोलले नाही, कारण तू दमला होतास आणि मीही. फोन ठेवल्यावर मात्र निकम हवालदार आठवले. ते इरालाही माहीत असावेत असे वाटले, म्हणून तुम्हा दोघांसाठी हे लिहिते आहे. बोटे दुखतात, त्यामुळे रोज थोडे थोडे लिहिले आहे. कुठे सांधा दिसला तर चालवून घ्या.

सांगलीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी नोंदणी विभागाची प्रमुख होते. तुमच्या आजोबांची नोकरी साताऱ्यात, त्यामुळे सोमवारी पहिल्या एसटीने सांगली आणि शनिवारी संध्याकाळी परत सातारा, अशी माझी वर्षानुवर्षे ये-जा चालली. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या बाईने आयुष्यभर केसपेपर लावले, याचे तुमच्या बाबांना अजून हसू येते. मला केसपेपर आवडत. प्रत्येक कागदाला एक जागा असते, आणि तो तिथे नसला की कुठेतरी कुणीतरी ताटकळत बसते, इतके साधे ते काम होते.

शहाण्णव साली आमच्याकडे कॉम्प्युटर आले. जुन्या इमारतीत नोंदणी आणि औषधालय, नव्या इमारतीत प्रयोगशाळा आणि वॉर्ड. मधल्या बोळातून तारा ओढायच्या होत्या. ज्या ठेकेदाराला काम दिले तो ते अर्धवट टाकून नाहीसा झाला, तेव्हा व्यवस्थापक पाटणकर साहेबांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मुलाखतीला टाय लावलेले तिघे आले आणि चौथे निकम.

"शिक्षण?" पाटणकरांनी विचारले.

"मॅट्रिक. मग फौज. सिग्नलमधी बावीस वर्सं."

"कॉम्प्युटरचा काही कोर्स?"

"फौजेनं शिकवलं तेवढंच. सर्टिफिकेट न्हाई. ह्या टोकाचं बोलणं त्या टोकाला पोचवायचं, ते येतंय." मग त्यांनी वर छताकडे पाहिले. "आदी बिल्डिंग बघू का, सायेब?"

पाऊण तासाने ते परतले तेव्हा दोन्ही कोपरांना जळमटे लागली होती. त्यांनी टेबलावर बोटभर लांबीचा तारेचा तुकडा ठेवला. तो उंदराने कुरतडलेला होता. "तुमचा ठेकेदार गेला न्हाई. पळालाय," ते म्हणाले. पाटणकरांना हसू आवरले नाही आणि निकमांना अकरा महिन्यांचा आदेश मिळाला. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा अकरा महिन्यांचा आदेश द्यायचा, अशी तेव्हा सगळीकडेच रीत होती.

ठेंगणा, सावळा माणूस. मान जाड, आवाज मात्र हळू. रोज दाढी, रोज बुटांना पॉलिश. आणि ते पॉलिश केलेले बूट घालून माळ्यावरच्या धुळीत पोटावर सरपटायचे. रुग्णालयातले काही लोक त्यांना आदराने सुभेदार म्हणत. प्रत्येक वेळी ते दुरुस्त करत. "हवालदार. सुभेदार व्हायला बाबूराव निकम कमी पडला." चार वर्षांत ही दुरुस्ती त्यांनी एकदाही टाळली नाही.

त्यांना मी कधी "झाले" म्हणताना ऐकले नाही. काम पुरे झाले तरी म्हणायचे, "बघू." दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा पाहायचे आणि पुन्हा "बघू". एकदा प्रयोगशाळेतली डॉक्टर त्यांना म्हणाली, "हवालदार, महिनाभर तुम्ही काय केलंत ते दिसलंच नाही." ते म्हणाले, "काय झालं न्हाई न्हवं? मग तेच केलं."

आणखी एक सवय म्हणजे चिठ्ठ्या. प्रत्येक तारेच्या टोकाला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली असायची. लष्करात म्हणे तशी शिस्त होती, पण तिथे आकडे लिहायचे आणि इथे निकम वाक्ये लिहीत. "ही लॅबला जाते, हिला वढू नये." "ही आजारी हाय, बदलायची." नीटनेटकेपणा मला आवडतो, त्यामुळे चिठ्ठ्या आवडल्या. अक्षर आणि भाषा आवडली नाही, आणि तसे मी बोललेही. त्यांनी मान डोलावली आणि होते तसेच लिहीत राहिले.

पलूसच्या पुढच्या एका खेड्यातून ते रोज यायचे. घरी शेत होते, ते भाऊ बघायचा. मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात फक्त बायको, आणि तिला दमा. ऊस तुटून गेला की शेतात पाचट पेटवतात. त्या धुराचे दिवस आले की निकम सकाळी येतानाच दमलेले दिसत. "सारी रात बसून काढली हिनं," एवढेच सांगत. आमच्या आवाराच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या, पण त्या फक्त कायम नोकरांना. निकमांना बढती नको होती, खुर्ची नको होती. कायम व्हायचे होते ते एका खोलीसाठी. "हिला हितं आणीन, बाई. धाप लागली तर चालत दवाखान्यात. तिकडं गाडी मिळंपातूर जीव टांगणीला." हे त्यांनी मला एकदाच सांगितले. माझ्याकडून विश्वस्तांपर्यंत जावे म्हणून सांगितले असणार, आणि मी ते पोचवले. दिवाळीनंतरच्या बैठकीत बघू, असे उत्तर आले. हे नव्याण्णवच्या उन्हाळ्यातले.

त्याआधीचा एक प्रसंग सांगते, म्हणजे पुढचे कळेल. पहिल्याच वर्षी एकदा सगळे कॉम्प्युटर एकाएकी गोठले आणि थोड्या वेळाने निकमांनी ते चालू केले. मी विचारले, "झालं काय होतं?" ते म्हणाले, "वळसा पडला हुता." मला कळेना. तेव्हा त्यांनी बोळात गणपत वॉर्डबॉय, शेवंता आया आणि मला असे तीन कोपऱ्यांवर उभे केले आणि सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात त्या भिंतीवरच्या डब्याकडे बोट दाखवले.

"ह्यो हब म्हंजे लय भोळा. त्याला डोकं न्हाई. एका कानानं आलं ते बाकीच्यांना वरडून सांगायचं, येवढंच त्याला ठावं. तुमी तिघं आता हब. डावीकडनं ऐकलं की उजवीकडं सांगायचं. इचारायचं न्हाई." मग ते गणपतच्या कानात म्हणाले, "चहा."

गणपत शेवंताला म्हणाला चहा, शेवंता मला म्हणाली, मी गणपतला. गणपतने पुन्हा शेवंताला सांगितले. चौथ्या फेरीला निकमांनी मधेच "बिस्कुट" सोडले. आता चहाही फिरू लागला आणि बिस्कुटही. शेवंताला हसू येऊन धाप लागली, पण थांबायचे कुणी हे कुणालाच सांगितलेले नव्हते. शेवटी मेट्रन बाहेर आल्या. "काय चाललंय हे? पेशंट झोपलेत."

"ह्येच, सिस्टर," निकम म्हणाले. "आता ह्यांना कुणी खरंच काम सांगितलं तर ऐकू येईल का?" त्यांनी गणपतला हाताला धरून बाजूला केले आणि आम्ही गप्प झालो. "एक जण गप बसला की झालं. कोण का असंना."

त्यानंतर नोंदणीत यंत्र जरा रेंगाळले की आमच्या मुली म्हणायच्या, "हवालदार, चहा झाला का बघा."

तर नव्याण्णव साल. सन दोन हजारची भीती तुम्हाला पुस्तकातच वाचायला मिळेल. आमचा प्रोग्रॅम सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायचा. दोन शून्ये आली की तो रोग्यांची वये उलटी मोजेल का, हे कुणी सांगू शकत नव्हते. चालू यंत्रांच्या तारखा बदलून पाहणे शक्य नव्हते, कारण त्यांवर रोजचे रोगी होते. मे महिन्यात तुमचे बाबा अमेरिकेहून आले ते एक सीडी घेऊन. तिच्यातला प्रोग्रॅम घातला की एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरे कॉम्प्युटर चालायचे. त्यांना ना डबा, ना पडदा; पण आत जे काही चालते त्याला वाटायचे की आपण खऱ्याच यंत्रावर आहोत. तुला यात नवल वाटणार नाही. तेव्हा आम्ही खुर्च्या ओढून बघायला बसलो होतो.

बाबांनी इंग्रजीतून समजावले. निकमांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे सोंगं."

"काय?"

"जत्रंत सोंगं न्हाईत का निघत? आत गावातलाच गडी, पर सोंग चढलं की त्याला वाटतं आपण राक्षीस. ह्याला तसं वाटलं पायजे, आपण दोन हजार सालात हाय."

बाबा परत गेले आणि सोंगे निकमांकडे राहिली. कपड्यांच्या जुन्या कोठीत त्यांनी ते यंत्र मांडले. आत तीन सोंगे: नोंदणी, औषधालय, प्रयोगशाळा. सोंगांना खऱ्या यंत्रांशी बोलता आले पाहिजे, नाहीतर परीक्षा कसली? म्हणून त्या कॉम्प्युटरला तारांची दोन कार्डे होती: एक रुग्णालयाच्या हबला जोडलेले, दुसरे कोठीतल्या छोट्या हबला. दोन्हींच्या मध्ये यंत्राच्या आतच एक पूल बांधलेला. शिवाय यंत्र बंद असेल तेव्हा वापरायला दोन्ही हबना थेट जोडणारी एक साधी तार. नियम एकच: एका वेळी एक वाट. पूल चालू असताना ती तारही लावली की वर्तुळ पुरे झाले आणि चहा सुरू.

त्या पुलात एक सोय होती. चालू होताना पूल आधी हाक मारून पाहतो. आपलीच हाक दुसऱ्या बाजूने कानावर आली तर ओळखतो की वळसा पडला आहे, आणि आपली एक बाजू स्वतःहून मिटून घेतो. याला अर्धे मिनिट लागते. निकमांनी ती सोय सुरू ठेवली होती आणि तिला ते राखणदार म्हणत.

जुलैत विश्वस्त सोंगे पाहायला आले. यंत्र नुकतेच चालू केलेले. सोंग जागे झाले, पण पूल अजून हाक मारून पाहत होता, त्यामुळे पडद्यावर आले की संपर्क होत नाही. पुन्हा चालू केले, पुन्हा तेच. एक विश्वस्त घड्याळ पाहू लागले. ते गेल्यावर पाटणकर म्हणाले, "निकम, ते अर्धं मिनिट काढून टाका."

"सायेब, त्यो राखणदार हाय."

"चार माणसांत शोभा होते. काढा."

निकम म्हणाले, "हुकूम." राखणदार काढला. मी तिथेच वही घेऊन उभी होते. त्याच दुपारी त्यांनी राखणदाराच्या भरवशावर लावून ठेवलेल्या त्या जादा तारेचे एक टोक हबमधून उपसले, खिळ्याला अडकवले आणि सुतळीने चिठ्ठी बांधली.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी एक्स-रेच्या यंत्रापासून केसपेपर टोचायच्या दाभणापर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी सगळे बंद करून पुसायचे, आणि त्या कामाची प्रमुख दरवर्षी मी. निकम घट उठायचे म्हणून गावी गेले होते. संध्याकाळी शेवटी मी कोठीत गेले. धूळ पुसली, तारा एका रेषेत लावल्या. एक तार खिळ्याला लोंबत होती आणि हबमध्ये बरोबर एक भोक रिकामे होते. शिस्तीच्या माणसाला याहून मोठा मोह नाही. मी चिठ्ठी वाचली: "दार बांधलंय, मोडू नये."

त्या कोठीला वाळवी लागली म्हणून मागच्याच महिन्यात नवे दार बसवले होते. सुताराने लिहून ठेवले असणार आणि कुणीतरी नेऊन भलत्याच ठिकाणी बांधले असणार, असे मला वाटले. चिठ्ठी सोडवून मी ती नव्या दारावर चिकटपट्टीने नीट, सरळ लावली. आणि तार हबमध्ये खोचली.

सकाळी झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून सगळी यंत्रे एकदम चालू केली. दहा मिनिटांत नोंदणी गोठली, मग औषधालय, मग प्रयोगशाळा. नारळ नासका निघाला होता, त्यामुळे कारण सगळ्यांना माहीतच होते. आम्ही कागदावर उतरलो. शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे रक्ताचे अहवाल सापडेनात. त्यांना उपाशी ठेवून शेवटी दुसऱ्या दिवशी घेतले. ते बरे होऊन घरी गेले. पण त्यांचा मुलगा पाटणकरांच्या खोलीत तासभर बोलत होता आणि त्याचा एकही शब्द चुकीचा नव्हता.

गावातल्या दूध डेअरीत फोन करून निरोप दिला. निकम दुपारी पोचले, कपाळावर कुंकू तसेच. हबवरचे दिवे पाहून म्हणाले, "चहा झालाय." आणि कोठीकडे निघाले. मी मागोमाग. दारापाशी ते थबकले.

"बाई, ही चिठ्ठी हितं कुणी लावली?"

"मी. वायरीला लोंबत होती. सुताराची ना?"

त्यांनी ती पुन्हा वाचली, ओठ हलवत. आत जाऊन ती तार उपसली. बाहेर कुठेतरी नोंदणीतल्या मुली "आलं, आलं" म्हणाल्या. मग ते स्टुलावर बसले. खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटले रडतात की काय. ते हसत होते, पण दमल्यासारखे.

"आवं बाई, तुमच्याकडं शेत न्हाई व्हय?"

"नाही. साताऱ्यात घर आहे फक्त."

"मग तुमाला कसं कळावं. आवं, उसाला पाणी पाजतो तवा सरीच्या तोंडाला माती लावतो, त्याला दार म्हंत्यात. माती लावून पाणी अडवलं, दार बांधलं. खोऱ्यानं फोडून सोडलं, दार मोडलं. ही वाट मी बांधली हुती. मोडू नका म्हणून लिवलं."

 इंग्रजीतल्या कुठल्याही शतकातला वाक्प्रचार मला कुणी विचारावा; पलूसच्या शेतातले दार मला ठाऊक नव्हते.

"मी सांगते साहेबांना," मी म्हटले.

"सांगा की. पर आज नगं. आज ते तापल्यात."

मी त्या दिवशी सांगितले नाही, दुसऱ्या दिवशी दसरा, आणि मग पाटणकर पुण्याला गेले. दिवाळीच्या आधी मी दोन पाने टिपण लिहून त्यांच्या टेबलावर ठेवले: तार मी लावली, चिठ्ठी मी काढली. राखणदाराबद्दल लिहिले नाही. ते आपले क्षेत्र नाही, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण ते नव्हते. मला निवृत्तीला दोन वर्षे होती आणि पाटणकर माझे वरिष्ठ होते.

दिवाळीनंतरच्या बैठकीत निकमांना बोलावले. मीही होते. अध्यक्ष वयस्क, सभ्य गृहस्थ. त्यांनी माझे टिपण हातात धरले होते.

"बाई लिहितात, तार त्यांनी लावली. खरं आहे?"

"व्हय, सायेब. बाईंनीच लावली." मला बरे वाटले, कारण त्यांनी मला खोटे पाडले नाही. "पर चिठ्ठी माझी हुती. मी माझ्या बोलीत लिवली. जो वाचणार त्याच्या बोलीत लिवायला पायजे हुती. बाईंनी मला पैल्याच वर्षी सांगितलं हुतं, भाषा सुधारा. मी ऐकलं न्हाई."

"पण एक तार लावली आणि सगळं रुग्णालय बंद पडलं? याला काही बंदोबस्त नसतो?"

पाटणकर समोरच्या कागदांकडे पाहत होते. मी निकमांकडे पाहिले. त्यांनीही माझ्याकडे पाहिले आणि मान किंचित हलवली, नको अशी.

"असतो, सायेब. त्या दिवशी चालू नव्हता. मीच काढला हुता."

"का?"

"काढला, सायेब."

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "ठीक आहे." मी तोंड उघडले होते. ते तसेच मिटले.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठले. मला राग आला होता आणि त्यातला किती स्वतःवरचा हे मी तेव्हा तपासले नाही. "का नाही सांगितलंत? हुकूम कुणाचा होता ते मी ऐकलंय."

"सांगून?" ते पायऱ्या उतरत राहिले. "सायेब म्हणाले असते, विश्वस्तांपुढं शोभा नगं म्हणून काढलं. विश्वस्त म्हणाले असते, आमी कवा सांगितलं? सायेब म्हणाले असते, निकमनं धोका नीट समजावला न्हाई. फिरून माझ्याच दारात. आन् तवर दोन म्हैने दवाखान्याला दुसरं काम न्हाई." खाली आल्यावर ते थांबले. "कुणीतरी गप बसल्याबिगर थांबत न्हाई, बाई."

"पण तुमची खोली?"

त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. नोव्हेंबर होता, घाम नव्हता. "बघू," म्हणाले.

आठवड्याने आदेश निघाला. कायम करता येत नाही. मुदत डिसेंबरअखेर संपेल. एक तारखेपासून पुण्याची एक कंपनी काम पाहील. निकमांनी सही केली आणि कोठीत जाऊन राखणदार पुन्हा सुरू केला. या वेळी कुणाला विचारले नाही. उरलेले सहा आठवडे ते रोज आले, रोज सोंगांना दोन हजार साल दाखवत राहिले, आणि प्रोग्रॅममध्ये सापडलेल्या नऊ चुका दुरुस्त करून घेतल्या. सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. मजकूर मला दाखवून घ्यायचे. मी शुद्ध करून द्यायचे आणि मला स्वतःचीच लाज वाटायची.

एकतीस डिसेंबरला, शुक्रवारी, ते बायकोला घेऊन आले. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. काटकुळी बाई, हिरवे लुगडे, बोलताना दोन शब्दांमध्ये थांबायची. तिला आपले काम दाखवायला आणले होते. निकमांनी तिला हब दाखवला, कोठी दाखवली. तिने सगळीकडे मान डोलावली. दुपारी आवाराच्या मागे बाकावर दोघे भाकरी खायला बसले. मला आग्रहाने बोलावले म्हणून मीही डबा घेऊन गेले.

"ह्या का खोल्या?" तिने विचारले.

"व्हय."

"आपली कंची हुती?"

निकमांनी बोटाने शेवटची दाखवली. तिच्यापुढे दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. ती बराच वेळ बघत राहिली.

"बारकी हाय," ती म्हणाली. श्वास घेतला. "आन् उनाची बाजू. बरं झालं न्हाई मिळाली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्येंना काय कळत न्हाई खोलीतलं. फौजंत तंबूत ऱ्हायल्यात."

"व्हय, मला काय कळतंय," निकम म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढे ठेवला.

शनिवारची रजा टाकून चार वाजता मी साताऱ्याला निघाले, ते पलूसला. स्टँडवर त्यांची गाडी आधी लागली. वर्षाअखेरची गर्दी होती. ती दांड्याला धरून दुसऱ्या पायरीपर्यंत चढली आणि दम घ्यायला थांबली. मागून रेटारेटी सुरू झाली. कुणीतरी ओरडले, "आवरा की वो म्हातारे."

निकम तिच्या मागे खालीच उभे होते, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकून, सगळ्या गर्दीकडे पाठ करून. कुणी पाठीत पिशवी खुपसली, कुणी खांद्यावरून हात घातला. ते वळले नाहीत, काही बोलले नाहीत. तिच्या पाठीला हात लावून घाईही केली नाही. ती श्वास घेत होती आणि ते उभे होते.

मग ती तिसरी पायरी चढली. ते चढले. त्यांच्यामागून सगळी माणसे एकदम आत घुसली आणि मला त्यांची पाठ दिसेनाशी झाली.